एका खिडकीतलं ऊन

चंद्रपुरात बाबूपेठेच्या अंगाला, दुसऱ्या मजल्यावर, दुर्ग्यांचं दोन खोल्यांचं घर होतं. खिडक्या म्हणायला दोन. पण स्वयंपाकघरातली खिडकी शेजारच्या इमारतीच्या भिंतीला जवळजवळ नाक लावून उभी. फोडणीचा धूर बाहेर जायचा एवढाच तिचा उपयोग. खरी खिडकी एकच, बाहेरच्या खोलीतली, पूर्वेकडची. आणि ती खिडकी दिव्याची होती.

तशी ती तिला कुणी देऊन टाकलेली नव्हती. पण लग्न होऊन सावली गावाहून या घरात आली तेव्हा दिव्याने सोबत शिलाई मशीन आणलं, आणि मशीन ठेवायला उजेडाची जागा तेवढीच होती. त्या खिडकीखाली बसून तिने दोन वर्षांत अख्ख्या गल्लीचे ब्लाउज शिवले. तिच्या हातच्या ब्लाउजची बाही कधी ओढली जायची नाही, गळा कधी तिरका बसायचा नाही. नवरा राजदीप सिमेंटच्या कारखान्यात पाळीने जायचा आणि घरी असला की बहुतेक झोपलेला असायचा. सासू तिच्या लग्नाआधीच गेलेली. राहिले सासरे, बापूराव. ते तर घरात आहेत की नाहीत हेही कळू नये, असा माणूस.

बापूरावांनी सगळी उमर कोळशाच्या खदानीत, जमिनीच्या पोटात काढली होती. उजाडता उजाडता खाली उतरायचं, वर येईस्तोवर ऊन कललेलं. निवृत्त झाले तसं खदानीच्या वसाहतीतलं क्वार्टर सोडावं लागलं. त्या क्वार्टरच्या मागे हातभर परस होतं, वांगी होती, पपई होती, वालाचा वेल छपरावर चढलेला असायचा. ते सगळं तिथेच राहिलं. छातीत बसलेली धूळ मात्र त्यांच्याबरोबर आली. डॉक्टरांनी बजावलं होतं, धुळीत फिरायचं नाही, धुरात बसायचं नाही, उन्हाळ्यात तर उंबरठा ओलांडायचा नाही. आता चंद्रपुरात धूळ टाळायची म्हणजे घराबाहेर पडायचंच नाही. सकाळी पुसलेली खिडकीची चौकट संध्याकाळी बोट फिरवलं तर काळी. बापूराव खाटेवर बसून असायचे. चहा दिला तर प्यायचे, नाही दिला तर मागायचे नाहीत. दिव्याला कधीकधी त्यांची दया यायची आणि कधीकधी, खरं सांगायचं तर, त्या गप्प बसण्याचा भार वाटायचा.

मग एका वर्षी, पावसाळा सरता सरता, ते नागभीडजवळच्या आपल्या गावी गेले. मोठा भाऊ वारला होता, त्याच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम होता. परत आले ते गाडीतून एक पिशवी मांडीवर घेऊन. पिशवीत एक वीतभर फांदी होती. तिला चार पानं, आणि खालच्या टोकाला ओल्या फडक्यात बांधलेला मातीचा गोळा.

"सूनबाई," ते म्हणाले, "इथी खिडकीपाशी थोडी जागा होईल का?"

"कायले, मामाजी?"

"निंबूले."

गावच्या घरच्या अंगणातल्या लिंबाची ती गुटी होती. झाडावरच जिवंत फांदीची साल थोडी सोलून तिथे ओली माती बांधायची, मुळं फुटली की फांदी कापून न्यायची. पुतण्याने पावसाळ्यात त्यांच्यासाठी ती बांधून ठेवली होती. बापूरावांनी रंगाचा एक रिकामा डबा घेतला, गॅसवर खिळा तापवला आणि डब्याच्या बुडाला भोकं पाडायला बसले.

"मागं क्वार्टरमधी एक लावलं होतं बादलीत," ते म्हणाले. "भोकं पाडलीच नाई. मुळं सडली, मेलं बिचारं."

दिव्याने त्यांच्या तोंडून एका दमात इतकी वाक्यं कधी ऐकली नव्हती. ती नाही म्हणू शकली नाही.

डबा खिडकीच्या कट्ट्यावर बसला. झाड वीतभर, पण सावली पाडायला तेवढं पुरतं. सकाळचं ऊन आलं की चार पानांची सावली नेमकी सुईखाली यायची आणि वाऱ्याने हलायची. दिवाळी तोंडावर आली, काम वाढलं. काळ्या कापडावर काळा दोरा चालवताना दिव्याची एक शिवण सुटली, ती कळली थेट ब्लाउज अंगात घातल्यावर. घालणारी होती खालच्या मजल्यावरची अंजनाबाई. अंजनाबाईचं मन मोठं आणि आवाज त्याहून मोठा.

"अवो दिव्या, पाठीतून हात चाल्ला ना माहा! काय डोळे मिटून शिवलं का?"

गल्लीने ऐकलं. दिव्या वर आली ती लालबुंद होऊन. बापूराव झाडाला वाटीने पाणी घालत होते.

"मामाजी, खिडकी एकच हाये," ती म्हणाली. "त्याच्यात माहं काम होईल, नाईतर तुमचं झाड होईल."

बापूरावांनी वाटी खाली ठेवली. डबा उचलला, स्वयंपाकघरात नेला आणि पिंपामागच्या कोपऱ्यात ठेवून दिला. दिव्याला वाटलं, रागावले असते तर बरं झालं असतं.

पण ते रागावले नव्हते. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी एक वेगळाच उद्योग सुरू केला. सकाळी खाट भिंतीला सरकवायची आणि जमिनीवर बसून उन्हाकडे बघत राहायचं. सूर्य वर आला की ऊन आधी समोरच्या भिंतीवर पडायचं, मग भिंतीवरून खाली उतरायचं, मग फरशीवरून हळूहळू खिडकीकडे सरकत यायचं आणि शेवटी मशीनच्या पायापाशी येऊन संपायचं. बापूरावांनी दिव्याच्या डब्यातला कापडावर आखायचा खडू मागून घेतला आणि ऊन जिथे जिथे जाईल तिथे फरशीवर रेघा मारल्या. काम घेऊन येणाऱ्या बाया त्या रेघा ओलांडून यायच्या.

"काय करून राह्यले बाबा?" दिव्याने राजदीपला विचारलं.

राजदीप जांभई देत म्हणाला, "खदानीत छताले असेच खडूचे निशाण मारत होते ते. कुठी भरवसा हाये, कुठी नाई. सवय हाये त्याइले."

आठवडाभर बघून झाल्यावर बापूराव कामाला लागले. आधी त्यांनी खिडकीची जाळी काढून मोरीत नेली आणि घासली. तिच्यातून निघालेलं पाणी दौतीतल्या शाईसारखं काळं होतं. मग समोरची भिंत. तिला घरमालकाने कधीकाळी गडद हिरवा रंग दिला होता, त्यावर उदबत्तीचा आणि वर्षांचा धूर बसलेला. तोंडाला फडकं बांधून, दर चार हातांनंतर खाटेवर दम खात, बापूरावांनी तिच्यावर पांढऱ्या रंगाचे हात चढवले. दिव्या म्हणाली, मी करते. ते म्हणाले, तू शिव. भिंत सुकली तेव्हा जुन्या धान्याच्या कोठीचं झाकण त्यांनी राखेने घासून लख्ख केलं आणि खिडकीबाहेरच्या छज्ज्यावर तारेने असं आडवं बांधलं, की त्याच्यावर पडलेलं ऊन उसळून खोलीच्या छताला लागावं.

दिव्या दुपारी सुईत दोरा ओवायला बसली आणि हात थांबला. दोरा पहिल्याच झटक्यात आत गेला होता. तिने मान वर करून पाहिलं. एरवी दुपारनंतर खोलीवर जी मळकट सावली उतरायची ती नव्हतीच. पांढऱ्या भिंतीवरून, छतावरून उजेड झिरपत होता, मशीनवर मागून पडत होता, हाताची सावलीसुद्धा पुसट झाली होती. त्या दिवशी दिवेलागणीपर्यंत तिने बल्ब लावला नाही.

"मामाजी," ती म्हणाली, "हे तुमी माह्यासाठी केलं का झाडासाठी?"

बापूरावांना खोटं सांगायचं नव्हतं.

"उजेडासाठी केलं," ते म्हणाले. "कोणाले कामी येईल ते त्याइनं पाहावं."

त्यावर दिव्या हसली, आणि या घरात सासऱ्यासमोर ती मोठ्याने हसली ती ही पहिलीच वेळ. उठून ती पिंपामागे गेली. लिंबाच्या झाडाची दोन पानं पिवळी पडली होती. डबा उचलून तिने बाहेर आणला. कट्ट्यावर ठेवायला लागली तर बापूरावांनी हात केला. "तिथी नाई." स्वयंपाकघरातून ते गॅसच्या सिलिंडरखालची चाकांची चकती घेऊन आले, सिलिंडर खाली फरशीवर ठेवून. डबा चकतीवर बसवला आणि समोरच्या भिंतीपाशी, जिथे सकाळचं पहिलं ऊन पडतं, तिथे नेऊन ठेवला.

तेव्हापासून झाड उन्हामागे फिरायला लागलं. सकाळी भिंतीपाशी, मग खाटेपाशी, मग खोलीच्या मधोमध, आणि ऊन दिव्याच्या पायाशी येईस्तोवर झाडही तिच्या पायाशी. ढकलायचं काम आधी बापूराव करायचे. पुढे दिव्याला सवय झाली. मशीन चालवता चालवता पाय सुटा करायचा, टाचेने चकतीला हळूच धक्का द्यायचा आणि पुन्हा पायडल मारायचं. काम द्यायला आलेल्या बाया आधी हसल्या. मग त्याही खुर्चीवर बसल्या बसल्या पायाने झाड सरकवायला लागल्या.

लिंबाने थंडीतच कोवळी पालवी काढली. ते बघून बापूरावांना हुरूप आला. भंगारातून एक लाकडी शिडी आली, भिंतीला टेकून उभी राहिली, तिच्या पायऱ्यांवर फळ्या बसल्या. दोन माणसांना अंग चोरून वावरावं लागे अशा त्या खोलीत शिडीने जागा घेतली ती फक्त तिच्या पायांपुरती. वरच्या फळीवर, जिथे ऊन लागतं, पानओवा आणि कोरफड. मधल्या फळीवर तेलाच्या कापलेल्या डब्यात पुदिना. खालच्या सावलीत बाटल्यांमधून मनीप्लांट. मोरीच्या झरोक्यात, जिथे नुसता ओलावा आणि अंधुक उजेड, तिथे त्यांनी नेच्याचं एक रोप बसवलं आणि ते जगलं. सगळंच जगलं असं नाही. मोगऱ्याने हाय खाल्ली, तुळस दोनदा लावली आणि दोनदा गेली. बापूराव मेलेलं रोप उपटून मुळं बघायचे, वास घ्यायचे आणि म्हणायचे, "याले इथलं नाई जमलं. याचा काई दोष नाई." आणि त्या मातीत दुसरं काहीतरी लावायचे.

दिव्या हे सगळं शिवणकामातून मान वर करून बघत असे. ज्या माणसाला चहा मागता येत नव्हता, त्याला झाडासाठी मात्र सगळं मागता येत होतं: चहाचा चोथा, तांदूळ धुतलेलं पाणी, फाटकं बनियन, दुकानातल्या शेणखताची पिशवी. अंजनाबाईचा खोकला त्यांनी पानओव्याची पानं देऊन थांबवला, तेव्हापासून तिने ब्लाउजची गोष्ट काढणं सोडून दिलं. उलट येता-जाता खालूनच ओरडायची, "बापूरावभाऊ, आज झाड कुठंवर पोचलं?"

फाल्गुनात एका सकाळी दिव्याला जाग आली ती वासाने. गोड, पण जरा तुरट, नाकाच्या शेंड्यावर बसून राहणारा वास. लिंबाला फुलं आली होती. पांढरी, जाड पाकळ्यांची, बाहेरून जांभळट झाक असलेली. राजदीप रात्रपाळीहून आला, दारात चप्पल काढता काढता थबकला आणि म्हणाला, "कोणी अत्तर सांडवलं का?"

पण दोन दिवसांनी बापूराव काळजीत दिसले. "माशी येत नाई," ते म्हणाले. "दुसरा माळा, त्याच्यात जाळी. झाड एकटं हाये. आपल्यालेच माशी व्हा लागते." त्यांनी काडीच्या टोकाला कापूस गुंडाळला आणि या फुलातली पिवळी पूड त्या फुलाला लावायचा प्रयत्न केला. पण त्यांचे हात थरथरत होते. एक फूल गळून पडलं, मग दुसरं.

दिव्याने काडी त्यांच्या हातातून घेतली. मणी ओवणारे, हुक लावणारे हात तिचे. फुलाला धक्काही न लावता ती आत शिरायची आणि बाहेर यायची. बापूराव शेजारी उकिडवे बसून बघत होते.

"माह्या जिंदगीत," ते म्हणाले, "एवढा हलका हात नाई पाह्यला मी."

त्या दिवशी तिला एकही शिवण उसवावी लागली नाही.

मटारच्या दाण्याएवढी फळं धरली आणि चैत्र लागला. तेव्हाच पानांवर काळं दिसायला लागलं. दोघांनाही वाटलं कोळशाची धूळ. या गावात काळं दिसलं की माणूस दुसरं काही मनात आणतच नाही. बापूराव ओल्या फडक्याने पुसत राहिले. पण ते निघेना, बोटाला चिकट लागे, आणि डब्यावर मुंग्यांची रांग लागली. दिव्याने एक पान उलटं करून, कापडाचा पोत बघतो तसं, उजेडात धरलं. शिरेच्या कडेने तपकिरी खवले बसले होते, जणू कुणी बारीक बटणं टाचली आहेत.

"मामाजी, धूळ नाई ही. कीड हाये. हेच चिकट टाकून राह्यली, अन् त्याच्यावर काळं धरून राह्यलं."

बापूरावांनी चष्मा लावला, काढला, पुन्हा लावला. "मले दिसलंच नसतं," ते म्हणाले. "शाबास." दोघांनी मिळून साबणाच्या पाण्यात जुना दातांचा ब्रश बुडवून एकेक पान घासलं. त्याला दोन दुपारी लागल्या. त्या दोन दुपारींत त्यांनी तिला खदानीच्या गोष्टी सांगितल्या, खाली किती गरम व्हायचं, घोड्याएवढी वाटणारी घूस कशी डब्यातली भाकर पळवायची. दिव्याने सावलीच्या तळ्याच्या आणि तिच्या आईच्या गोष्टी सांगितल्या.

मग ऊन पेटलं. चंद्रपूरचा मे महिना. छज्ज्यावरचं झाकण काढून ठेवलं, खिडकीला ओलं पोतं टांगलं, तरी खोली भट्टी झाली. एका दुपारी बापूरावांना श्वास घेता येईना. ओठ निळे पडले. अंजनाबाईच्या हाकेने गल्लीतला ऑटो आला, दोघांनी त्यांना खुर्चीत बसवून जिना उतरवला.

सरकारी दवाखान्यात त्यांना बरेच दिवस राहावं लागलं. राजदीप पाळी करून तिथे झोपायचा, दिव्या डबा घेऊन जायची, यायची, पुन्हा जायची. घर बंद, खिडकी बंद, पोतं टांगलेलं. झाड अंधारात एका जागी उभं. एकदा तिला आठवलं तेव्हा माती कोरडी ठणठणीत होती. घाबरून तिने तांब्या भरून पाणी ओतलं. दुसऱ्या दिवशी परत ओतलं, तिसऱ्या दिवशी परत. पानं आधी मुडपली आणि मग झडायला लागली. लिंबाएवढी व्हायच्या आधीच हिरवी गोळीएवढी फळं फरशीवर पडलेली तिला सापडली. तिने ती ओच्यात गोळा केली आणि खाटेवर बसून रडली. सासऱ्यासाठी रडत होती की झाडासाठी, तिलाही सांगता आलं नसतं.

दवाखान्यात बापूराव नळी लावलेल्या नाकाने विचारायचे, "निंबू कसं हाये?"

"चांगलं हाये, मामाजी."

ते घरी आले तेव्हा झाडावर तीन पानं होती. उघड्या काड्या, काटे आणि तीन पानं. दिव्या दारातच उभी राहिली, ओरडा खायला तयार. बापूराव खाटेवर टेकले, दम घेतला आणि झाडाकडे बघत राहिले.

"मी खोटं बोलली," ती म्हणाली. "पाणी जास्त झालं माह्या हातून. अन् उजेड नाई भेटला त्याले."

"जवळ आण."

तिने चकती ओढली. बापूरावांनी नखाने खोडाची साल जराशी खरवडली. आत हिरवं होतं, ओलं हिरवं.

"हे पाय. जिवंत हाये."

"पण पानं सारी गेली ना."

"जाऊ दे." ते थांबत थांबत बोलत होते, दर वाक्यामागे श्वास घेत. "एक डाव आमच्या खदानीत छत बसलं. तिघं अडकलो आमी, मी, सोमाजी अन् एक नवा भरती झालेला. तीन टोप्या, तीन बत्त्या. सोमाजी म्हणे, दोन विझवा. तो नवा म्हणे, नाई, मले भेव वाटते. सोमाजीनं त्याचा हात धरला अन् दोन बत्त्या विझवल्या. एक राह्यली, तेवढ्यावर बसलो. बाहेरून माणसं येईपर्यंत ते एक पुरली." त्यांनी झाडाकडे हात केला. "यानं बी तसंच केलं. जेवढं चालवता येईल तेवढं ठेवलं, बाकीचं विझवून टाकलं. आता याले पाणी देऊ नोको. खिडकी उघड फक्त."

दिव्याने पोतं काढलं.

त्यानंतर बापूराव फारसे खाटेवरून उठले नाहीत. पण झाड उठलं. ते खाटेवरून सांगायचे, दिव्या करायची. मातीत बोट घालून बघायचं, दुसऱ्या पेरापर्यंत कोरडं लागलं तरच पाणी. बुडाखालच्या ताटलीत पाणी साचू द्यायचं नाही. हळूहळू असं झालं की त्यांनी सांगायच्या आधीच तिने केलेलं असायचं, आणि मग ते नुसतेच समाधानाने हुंकार द्यायचे. पाऊस पडून हवा निवळली तेव्हा त्या काट्यांच्या काड्यांमधून लालसर कोंब फुटले, एकदम सगळीकडून. दिव्याने मशीन बंद केलं आणि राजदीपला झोपेतून उठवून दाखवलं. तो डोळे चोळत म्हणाला, "बाबा, तुमचं झाड तुमच्यासारखंच हाये, हट्टी." पण मग तोही बराच वेळ झाडापाशी बसून राहिला.

पुढच्या वर्षी फुलं दुप्पट आली. दिव्याने कापसाची काडी हातात घेतली आणि या वेळी फळं टिकली. डबा बदलून मोठी कुंडी आली, चकती मात्र तीच. लिंबं पिकून पिवळी झाली तेव्हा दहा-बारा होती. पातळ सालीची, हातात घेतली तर वजनदार. पहिलं लिंबू बापूरावांनी स्वतः तोडलं नाही. दिव्याला म्हणाले, तू तोड. तिने ते वरणभातावर पिळलं, तिघांच्या ताटात थोडं थोडं. राजदीपने दुसरं मागितलं. "एवढ्यानं काय होते?" म्हणाला. बापूराव हसले तसा त्यांना खोकला आला, आणि खोकला थांबल्यावर पुन्हा हसले.

झाडाची गोष्ट गल्लीबाहेर गेली होती. एक दिवस बल्लारपुराहून सोमाजी आले, तेच, बत्त्या विझवणारे. उंचेपुरे, पण आता वाकलेले, एका कानाने पार बहिरे. मुलाच्या घरी एका खोलीत राहत होते. जिना चढून आले, झाडासमोरच्या खुर्चीवर बसले आणि पाणीसुद्धा न पिता कितीतरी वेळ नुसते बघत राहिले. मग हात पुढे करून एका पानाला बोट लावलं.

"बापू," ते म्हणाले, "हे घरात केलं तुवा?"

"मी नाई. सुनेनं केलं," बापूराव म्हणाले. "मी फक्त ऊन दाखवलं."

"मले बी पायजे."

त्या पावसाळ्यात दिव्याने पहिल्यांदा गुटी बांधली. साल कुठे सोलायची ते बापूरावांनी बोटाने दाखवलं, सोललं तिने. ओली माती बांधून वर प्लास्टिक गुंडाळलं ते तिने शिवणीच्या दोऱ्याने, ब्लाउजची किनार बांधावी तसं नीटस. प्लास्टिकमधून पांढरी मुळं दिसायला लागली तशी फांदी कापली आणि ती डब्यात लावून द्यायला दोघं बल्लारपूरला गेली. ऑटोत बापूरावांच्या मांडीवर डबा, तोंडाला फडकं. डॉक्टरांनी नको म्हटलं होतं. दिव्याने ऑटोवाल्याला सांगितलं, हळू चाल, भाऊ.

सोमाजींची खोली दुर्ग्यांच्या खोलीहूनही लहान होती. दिव्या दारातच उभी राहून आधी भिंती बघायला लागली, मग खिडकी, मग फरशी. "मामाजी," ती म्हणाली, "इथी दुपारचं ऊन येईल. पश्चिमेचं हाये, कडक. कोवळ्या झाडाले पातळ पडदा लावा लागते." ती मागे वळली तर बापूराव तिच्याकडे असे बघत होते, की तिला लाज वाटून तिने मान खाली घातली. माहेरी कुणी तिच्याकडे असं पाहिलं नव्हतं, शाळेत पहिली आली तेव्हासुद्धा नाही.

"हिचं आयक, सोमाजी," बापूराव त्यांच्या चांगल्या कानाशी ओरडले. "मले जे शिकाले सारी उमर लागली, ते हिनं दारातून पाह्यलं."

सोमाजींनी त्याच दिवशी सुनेकडून जुनी साडी मागून घेतली आणि पडदा लावला.

आता दिव्याच्या खोलीत लिंबाखेरीज नारंगीचंही एक रोप आहे, रोपवाटिकेतून आणलेलं कलम, आणि मशीनला लागून दुसरी शिडी आली आहे. ब्लाउज शिवायला येणाऱ्या बाया जाताना पुदिन्याची काडी नाहीतर मनीप्लांटचा तुकडा घेऊन जातात. बापूराव खाटेवर, उशीला टेकून. बोलायला दम पुरत नाही, पण बोलायचं असलं की बोलतात.

मागच्या महिन्यात सोमाजींचा फोन आला, चेहरा दाखवणारा. नातवाने लावून दिला असावा. पडद्यावर आधी सोमाजींचा कान दिसला, मग छत, मग पुन्हा कान.

"बापू! कळी आली! दिसते का?"

"काई दिसत नाई रे! फिरव!"

पडद्यावर कुंडी गरकन फिरली.

"अरे झाडाले नाई!" बापूराव उठून बसत ओरडले. "फोनले फिरव, फोनले!"

दिव्या मशीनवर डोकं टेकून हसत सुटली, आणि तिकडे सोमाजी, 'फिरव' एवढंच ऐकू आल्यामुळे, कुंडी परत दुसऱ्या बाजूने फिरवायला लागले.